चेहऱ्यातली कळ आईकडून मुलीकडे येते का?

पौषातल्या सकाळी गार वारा सुटला की आमची आत्या अंगणात पदर चेहऱ्यापासून दोन बोटे दूर धरून बसते. गालाला वारा लागू द्यायचा नाही आणि पदरही लागू द्यायचा नाही, अशी ती कसरत असते. बोलता बोलता ती मध्येच थांबते, हात वर करून समोरच्याला गप्प राहण्याची खूण करते, डोळे घट्ट मिटते आणि पाऊण मिनिटाने अर्धवट राहिलेले वाक्य पुरे करते. डोळ्यांतून आलेले पाणी ती पुसत नाही, कारण पुसायला हात लावला तर पुन्हा कळ येईल. विजेची उघडी तार उजव्या गालाला लावून लगेच काढून घ्यावी तसे होते, असे ती सांगते.

तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, हेच होत होते असे घरातली जुनी माणसे म्हणतात. आजीच्या उजव्या बाजूच्या तीन दाढा एकामागून एक काढल्या गेल्या, गालावर बिब्ब्याचा डागही दिला गेला, आणि कळ शेवटपर्यंत राहिली. आजीच्या दुखण्याला नाव कधी मिळाले नाही. आत्याच्या दुखण्याला मिळाले, आणि ते मिळाल्यावर पहिला प्रश्न तिच्या मुलीने, माझ्या आतेबहिणीने, विचारला : "आजीले होतं, मायले झालं, मंग आता माहा नंबर काय, दादा?"

हा प्रश्न आमच्या एकट्या घरातला नाही. सलमान खान यांनी आपल्याला हा आजार असल्याचे आणि त्यासाठी २०११ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतल्याचे जाहीरपणे सांगितले, त्यामुळे त्याचे अवघड नाव टीव्हीवरून खेड्यापाड्यांत पोहोचले. त्याच वेळी विदर्भातल्या गावांमध्ये सिकलसेलच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालू आहेत, आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून "रक्तातून येणारा आजार" हे शब्द आशाताईंच्या तोंडून घराघरांत ऐकू येतात. ही जागरूकता फार मोलाची आहे. तिचा एक परिणाम मात्र असा झाला आहे की घरातल्या दोघांना एकच दुखणे दिसले की लोक त्याला सिकलसेलचेच माप लावतात. चेहऱ्याच्या कळीला ते माप लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे समजण्यासाठी थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

आधी आजार नीट ओळखू या

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एक मोठा मज्जातंतू असतो, बोलण्यात आपण ज्याला नस म्हणतो तो. ही नस कवटीच्या आत मेंदूच्या देठातून निघते आणि पुढे तिला तीन फांद्या फुटतात. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल, नाकपुडी, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालचा जबडा आणि खालच्या दातांकडे. तीन फांद्यांची म्हणून ती 'ट्रायजेमिनल', आणि नसेतूनच उठणाऱ्या वेदनेला 'न्यूराल्जिया' म्हणतात. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हे पूर्ण नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसेल. या लेखात यापुढे मी त्याला चेहऱ्याची कळ म्हणेन.

या कळीची ओळख तिच्या वागण्यावरून पटते. ती अचानक येते, विजेच्या झटक्यासारखी असते, काही सेकंद ते फार तर दोन मिनिटे टिकते आणि एकदम थांबते. ती बहुतेक वेळा एकाच बाजूला असते, उजवीकडे थोडी अधिक आढळते, आणि गाल किंवा जबडा या खालच्या दोन फांद्यांच्या भागात जास्त येते. चूळ भरणे, दात घासणे, घास चावणे, बोलणे, दाढी करणे, वाऱ्याची झुळूक लागणे, अशा साध्या गोष्टींनी ती सुटते. दात किडला असेल तर दुखणे सहसा तासन् तास ठणकत राहते, गरम किंवा गार लागले की वाढते, कधी हिरडी सुजते. चेहऱ्याच्या कळीत दोन झटक्यांच्या मधल्या वेळी माणूस अगदी चांगला असू शकतो, आणि म्हणूनच घरच्यांना कधीकधी त्याच्या वेदनेची खात्री पटत नाही. दातांच्या भागातच कळ येत असल्यामुळे निरोगी दाढा उपटल्या जाण्याचे प्रकार जगभर घडले आहेत. आजीची गोष्ट त्यांपैकी एक असू शकते.

हा आजार बहुधा पन्नाशीनंतर सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो, आणि दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण ४ ते १३ नवे रुग्ण आढळतात. दीड लाख वस्तीच्या तालुक्यात या हिशेबाने वर्षाला सहा ते वीस जण होतील. म्हणजे आजार विरळ आहे, तरी पंचक्रोशीत कोणालाच नाही इतका विरळ नाही.

वायर आणि कडुलिंबाची फांदी

खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर कडुलिंबाच्या फांदीला टेकलेली असली की काय होते, हे खेड्यातल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. वारा सुटला की फांदी वायरवर घासते, वर्ष-दोन वर्षांत वरचे प्लास्टिक झिजते, आतली तार उघडी पडते, आणि मग थोडे हलले तरी ठिणगी उडते.

नसेच्या धाग्यांवरही असेच एक वेष्टण असते; त्याला मायलिन म्हणतात. चेहऱ्याची नस मेंदूच्या देठातून जिथे बाहेर पडते, तिथे हे वेष्टण तुलनेने नाजूक असते. नेमकी त्याच जागेजवळून जाणारी एखादी रक्तवाहिनी नसेला टेकलेली असेल, तर हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी ती नसेवर आपटत राहते, आणि दिवसाला असे सुमारे एक लाख ठोके पडतात. वर्षांमागून वर्षे हे चालले की वेष्टण झिजते. स्पर्शाची खबर नेणारा धागा आणि वेदनेची खबर नेणारा धागा उघडे पडून एकमेकांना चिकटले की वारा लागल्याची खबर वेदनेच्या धाग्यात उडी मारते. पदराचा हलका स्पर्श आत्याला विजेसारखा का लागतो, त्याचे उत्तर इथे आहे.

अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३० च्या दशकात शस्त्रक्रिया करताना नसेला टेकलेल्या रक्तवाहिन्या पाहून तसे नोंदवले होते. पुढे १९६० च्या दशकापासून पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनी बाजूला सारून नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया रुळवली. दोघींच्या मध्ये बहुधा टेफ्लॉनची छोटी गादी ठेवतात. फांदी तोडता येत नसेल तर वायर आणि फांदी यांच्यामध्ये रबराचा तुकडा बांधावा, तसाच हा उपाय आहे. सगळ्याच रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. अनेकांची कळ गोळ्यांनी आटोक्यात राहते.

कळीमागे दरवेळी रक्तवाहिनीच असते असे मात्र नाही. काही रुग्णांत नसेजवळ गाठ असते, काहींना मल्टिपल स्क्लेरोसिस हा वेष्टणाचाच आजार असतो, आणि काहींच्या तपासणीत कोणतेच कारण हाती लागत नाही. म्हणूनच निदान झाल्यावर डॉक्टर एमआरआय करायला सांगतात, आणि खर्चाकडे पाहून तो टाळू नये असे मला कळकळीने वाटते.

मग आनुवंशिकता आली कुठून?

आतापर्यंतचे वाचून कोणी म्हणेल की हा तर शेजारी येऊन टेकलेल्या रक्तवाहिनीचा प्रकार झाला, त्यात आईबापांचा काय संबंध? शंका रास्त आहे, आणि बराच काळ वैद्यकशास्त्रही असेच मानत होते. पण एक गोष्ट जुळत नव्हती. ज्यांना आयुष्यात कधीही चेहऱ्याची कळ आली नाही अशा अनेक निरोगी माणसांच्या एमआरआयमध्येही रक्तवाहिनी नसेला टेकलेली दिसते. उलट ज्यांना भयंकर कळ आहे अशा काहींच्या नसेला काहीच टेकलेले नसते. फांदी दोन्ही घरांच्या वायरला टेकली आहे, तरी ठिणगी एकाच घरी उडते. मग त्या घरच्या वायरमध्ये मुळातच काही निराळे असले पाहिजे.

हे निराळेपण जन्मापासूनचे असू शकते, असा विचार इथून सुरू झाला. त्याला दुजोरा मिळाला तो कुटुंबांमधून. आई आणि मुलगी, दोन भाऊ, किंवा सलग तीन पिढ्या, अशी कुटुंबे वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत. जुन्या नोंदींनुसार शंभर रुग्णांत एखाददुसऱ्याच्याच जवळच्या नात्यात हा आजार सापडतो. अलीकडे रुग्णांना मुद्दाम खोदून विचारले गेले तिथे हे प्रमाण वाढलेले दिसले. अशा कुटुंबांमध्ये कळ तुलनेने कमी वयात सुरू होण्याकडे कल असतो, आणि एरवी विरळ असणारी दोन्ही बाजूंची कळही त्यांच्यात अधिक वेळा आढळते. ही दोन लक्षणे महत्त्वाची आहेत, कारण आजार कमी वयात आणि दोन्ही बाजूंनी येणे ही जन्मजात प्रवृत्तीची खूण अनेक आजारांत मानली जाते.

पाटाचे नीट न बसणारे गेट

वायरमध्ये निराळे काय असू शकते? इथे जनुक हा शब्द एकदा समजून घेऊ. शरीरातला प्रत्येक भाग कसा घडवायचा याची लेखी सूचना प्रत्येक पेशीत असते, आणि त्या सूचनेतल्या एकेका परिच्छेदाला जनुक म्हणता येईल. अशा हजारो जनुकांची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते.

नसेतून खबर धावते ती विजेच्या रूपात, आणि ती वीज तयार होते सोडियमच्या कणांनी. नसेच्या कातडीवर अतिसूक्ष्म दारे असतात; ती क्षणभर उघडतात, सोडियम आत शिरतो, खबर पुढे सरकते, दारे मिटतात. अप्पर वर्धेच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना पाटाचे गेट माहीत असते. गेट नीट बसत असेल तर पाणी पाळीच्या दिवशीच येते. गेटला फट राहिली तर पाळी नसतानाही पाणी झिरपत राहते आणि वर थोडा जोर आला की वावरात घुसते. सोडियमच्या दारांचेही तसेच आहे. दार घडवणाऱ्या जनुकात एका अक्षराचा फरक पडला तरी दार जरा लवकर उघडते किंवा उशिरा मिटते, आणि नस क्षुल्लक कारणाने पेटते.

२०१६ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी चेहऱ्याची कळ असलेल्या एका रुग्णात एससीएन८ए या जनुकातला असा फरक नोंदवला. प्रयोगशाळेत पेशींवर पाहिले तेव्हा त्या फरकामुळे दार जास्तच सैल झाल्याचे दिसले. त्यानंतर २०२० मध्ये रोम आणि येल येथील संशोधकांनी आजार कुटुंबात चालत आलेल्या रुग्णांची जनुके तपासली, तेव्हा सोडियम, कॅल्शियम आणि इतर दारांच्या निरनिराळ्या जनुकांमध्ये विरळ फरक सापडले. त्यातला 'निरनिराळ्या' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. सर्वांमध्ये सारखा असा एकच फरक मिळाला नाही, आणि सापडलेल्या प्रत्येक फरकामुळेच कळ आली हेही सिद्ध झालेले नाही.

या आजारावर १९६२ पासून वापरली जाणारी कार्बामाझेपिन ही गोळी नेमकी याच सोडियमच्या दारांवर काम करते. पेटलेल्या नसेतली दारे ती काही काळ मिटलेली ठेवते. दारांची ही माहिती हाती येण्याच्या कितीतरी आधी गोळी लागू पडत होती. त्यामुळे दारांचा सिद्धांत बरोबर दिशेने चालला आहे, असा विश्वास वाटायला जागा आहे.

वारशाच्या आणखी वाटाही आहेत. कवटीच्या मागच्या भागातली जागा किती ऐसपैस असावी आणि रक्तवाहिन्यांची वळणे कशी पडावीत, यात घराण्याचा वाटा असू शकतो. जागा अरुंद असली तर नस आणि रक्तवाहिनी जवळ येणारच, असा काही अभ्यासकांचा कयास आहे. उच्च रक्तदाब घराण्यात चालतो, त्याने रक्तवाहिन्या ताठर आणि वेड्यावाकड्या होतात, आणि तैवानमधील २०११ च्या एका मोठ्या पाहणीत रक्तदाब असलेल्यांना पुढे चेहऱ्याची कळ होण्याचे प्रमाण अधिक आढळले. शार्को-मारी-टूथ हा हातापायांच्या नसांचा आनुवंशिक आजार असलेल्या काही कुटुंबांतही चेहऱ्याची कळ दिसली आहे. त्यात पोटऱ्या बारीक होतात, पावलाची कमान उंच होते, चालताना पाऊल लुळे पडते. घरात कोणाचे पाय असे असतील तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

हे सिकलसेलसारखे आहे का?

नाही. सिकलसेलमध्ये एकाच जनुकातला एकच ठरलेला फरक असतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही त्या फरकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हा हिशेब पक्का आहे, आणि रक्ताच्या तपासणीने वाहक कोण ते ठामपणे कळते. म्हणूनच लग्नाआधी सिकलसेलची तपासणी करण्याचा आग्रह योग्य आहे.

चेहऱ्याच्या कळीत जो काही वारसा असतो तो फक्त एक कल, म्हणजे आजाराकडे झुकण्याची प्रवृत्ती, असतो. शेतकऱ्याला हे तुरीवरून चटकन कळेल. तुरीचे एखादे वाण मर रोगाला लवकर बळी पडणारे असते, पण त्याची बुरशी ज्या जमिनीत नाही तिथे तेच वाण सुखाने डोलते; आणि बुरशीने भरलेल्या वावरात चिवट वाणाचीही काही झाडे वाळतात. कळीचा कल घेऊन जन्मलेल्या माणसाच्या नसेला आयुष्यभर काहीच टेकले नाही, रक्तदाब काबूत राहिला, तर त्याला कळ कधीच येणार नाही असेही होऊ शकते. ज्या मोजक्या कुटुंबांत आजार पिढ्यान् पिढ्या दिसतो तिथे फरक बहुधा आई किंवा वडील या एकाकडूनच पुढे जात असावा, आणि तसे असेल तर प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. पण फरक मिळाला म्हणजे कळ सुरू झालीच असे तिथेही नसते.

"पण आमच्या घरात तर दोघींना आहे!"

ज्यांच्या डोळ्यांसमोर दोन पिढ्या तळमळल्या त्यांना आकडे सांगून समाधान होत नाही, हे मी जाणतो. तरीही दोन गोष्टी शांतपणे पाहाव्यात. एक तर आपली कुटुंबे मोठी असतात. आत्या, मावश्या, काका, चुलत-मावस भावंडे धरली तर पन्नास-साठ माणसे सहज होतात, आणि त्यांत एवढ्या वर्षांत दोघांना एकच आजार निव्वळ योगायोगानेही होऊ शकतो. सासू आणि सून दोघींना कळ असलेली घरेही असू शकतात, आणि तिथे रक्ताचे नाते नसल्यामुळे वारशाचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी गोष्ट अशी की मागच्या पिढीच्या निदानाची खात्री क्वचितच असते. आजीच्या दाढा काढल्या, बिब्बा घातला, तिला गालात कळ येत होती, एवढ्यावरून तिला हाच आजार होता असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. दाढेचे जुने दुखणे, सायनसची सूज, जबड्याच्या सांध्याचा त्रास, असे काहीही असू शकले असते. आत्याचे निदान झाल्यावर आम्ही सगळ्यांनी आजीच्या आठवणी त्या चौकटीत बसवल्या, हेही तितकेच खरे आहे.

ही भीती उलट दिशेनेही नुकसान करते. माझ्या आतेबहिणीला गेल्या वर्षी डाव्या बाजूची दाढ दुखू लागली, तेव्हा तिने ते दोन महिने कोणालाही सांगितले नाही. मायचा आजार आपल्यालाही लागला, आता नवऱ्याच्या घरी कळले तर काय, या विचाराने ती रात्री लवंग दाबून झोपत होती.

मग जनुकांची तपासणी करून घ्यावी का?

आजार पुढे होईल की नाही हे जाणण्यासाठी निरोगी माणसाने जनुकांची तपासणी करून घेण्यात आज अर्थ नाही. असा एकही जनुक माहीत नाही की जो सापडला तर "होईल" आणि नाही सापडला तर "होणार नाही" असे सांगता येईल. ऐपत नसताना त्यासाठी पैसे खर्च करू नयेत, आणि अशी हमी देणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

मात्र एक जनुकीय तपासणी अशी आहे की जिच्याबद्दल प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांना विचारले पाहिजे, आणि तिचा संबंध आजाराशी नसून गोळीशी आहे. वर उल्लेख केलेली कार्बामाझेपिन या आजारात फार गुणकारी आहे, पण थोड्या लोकांना तिची अत्यंत गंभीर प्रतिक्रिया येते. ताप येतो, डोळे लाल होतात, तोंडात आणि ओठांवर फोड येतात, अंगभर पुरळ उठते आणि भाजल्यासारखी कातडी सुटू लागते. याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. ही प्रतिक्रिया बहुधा गोळी सुरू केल्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांत येते.

आपल्या पेशींवर एचएलए नावाची ओळखचिन्हे असतात, ज्यांच्यावरून शरीराची संरक्षणव्यवस्था आपले आणि परके ओळखते. त्यातले एचएलए-बी १५:०२ हे चिन्ह ज्यांच्याकडे असते त्यांना या प्रतिक्रियेचा धोका कितीतरी जास्त असतो. हे चिन्ह आग्नेय आशियातील लोकांत बरेच आढळते. भारतीयांमध्ये त्याचे प्रमाण मध्यम, सरासरीने शंभरात दोन ते चार, मानले जाते आणि काही समाजगटांत ते अधिक असू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी ही गोळी सुरू करण्याआधी तपासणीची शिफारस २००७ मध्येच केली. तपासणी रक्ताची असते आणि आयुष्यात एकदाच करावी लागते, कारण चिन्ह बदलत नाही. ती ठीक आली तरी इतर प्रकारची पुरळ येऊ शकते, म्हणून पहिले काही महिने अंगावर लक्ष ठेवावेच लागते.

वारशाचा हिशेब या चिन्हाच्या बाबतीत मात्र स्वच्छ आहे. आईकडे त्याची एक प्रत असेल तर प्रत्येक मुलाकडे ती जाण्याची शक्यता निम्मी. म्हणजे चेहऱ्याची कळ मुलीकडे येईल की नाही हे सांगता येत नाही, पण गोळीचा धोका मुलीकडे किंवा मुलाकडे जाऊ शकतो हे आज पक्के सांगता येते. तीच गोळी मिरगीसाठीही दिली जाते, त्यामुळे ज्याला कळ नाही अशा भावंडालाही ही माहिती उपयोगी पडते.

आपल्याकडे एकाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देण्याची सवय फार आहे. "मायले आराम पडला, तूबी घे" असे म्हणून दिलेली पट्टी मी स्वतः घरात पाहिली आहे. आईला गोळी सोसली यावरून मुलीला सोसेल हे ठरत नाही, कारण मुलीच्या चिन्हांतला अर्धा वाटा वडिलांचा असतो. कृपा करून ही एक गोळी तरी कोणी कोणाला देऊ नये, आणि घेत असलेल्याने ती मनाने अचानक बंदही करू नये.

लग्नाच्या बोलणीत हा विषय निघाला तर

इथे मला आडपडदा न ठेवता बोलायचे आहे. आईला चेहऱ्याची कळ आहे म्हणून मुलीचे स्थळ नाकारले जाणे, किंवा ते नाकारले जाईल या भीतीने आईने उपचारच न घेणे, या दोन्ही गोष्टींना शास्त्राचा आधार नाही. शंभरातल्या बहुतांश रुग्णांच्या नात्यात दुसरे कोणीही आजारी नसते. ज्यांच्या नात्यात असते त्यांच्या मुलांनाही तो होईलच असे नाही, झाला तर बहुधा उतारवयात होतो, त्यावर उपचार आहेत, आणि त्याने वंध्यत्व येत नाही की बुद्धीवर परिणाम होत नाही. घराण्याचा दोष, पितरांचा कोप, कोणी केलेली करणी, असेही गावात बोलले जाते. ते बोलणारी माणसे दुष्ट नसतात, वेदनेचे कारण दिसत नाही म्हणून ती कारण शोधत असतात. त्यांना वायर आणि फांदीची गोष्ट सांगावी. ती लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

सिकलसेलची तपासणी मात्र लग्नाआधी जरूर करावी. एका आजाराची भीती दुसऱ्याला लावू नये, तसेच एका आजाराबद्दलची निर्धास्ती दुसऱ्याला लावू नये.

डॉक्टरांकडे जाताना

गावातून नागपूरच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, आणि डॉक्टरांसमोर मिळतात पाच-दहा मिनिटे. त्या मिनिटांत घराण्याची माहिती नीट सांगता आली तर तिचा खरा उपयोग होतो. कळ चाळिशीच्या आत सुरू झाली असेल, दोन्ही बाजूंना येत असेल, गाल बधिर वाटत असेल, एका कानाने कमी ऐकू येऊ लागले असेल, किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात कोणाला असा त्रास असेल, तर ते आपणहून सांगावे. डॉक्टर मग निराळ्या कारणांचा शोध अधिक काळजीने घेतात. नात्यातल्या कोणाला कोणत्याही गोळीने अंगावर फोड आले असतील तर ते सर्वांत आधी सांगावे.

माझी आतेबहीण शेवटी दातांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी ठोकून पाहिले, एक्स-रे काढला. परत आल्यावर आम्ही दोघांनी तिच्या फाइलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर तिच्या अक्षरात असे लिहिले आहे :

आजी : उजव्या गालात कळ. निदान झाले नाही. तीन दाढा काढल्या.
आई : चेहऱ्याची कळ, उजवी बाजू, वयाच्या ५८ व्या वर्षी सुरू. एमआरआयमध्ये नसेला रक्तवाहिनी टेकलेली. गोळी लागू, पुरळ नाही. रक्तदाब आहे.
वडील : कोणत्याही गोळीची माहिती नाही. विचारायचे आहे.
मी : कळ नाही. डावीकडची एक दाढ किडली होती, भरली.